फुकट इन्स्टॉलेशन, पांढरे पाईप आणि टपकणारा व्हॉल्व: २५ लिटर गीझरच्या कनेक्शनचा रिव्ह्यू

गीझरचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सगळे पाणी किती मिनिटांत तापतं, लाईट बिल किती वाढलं, टाकीला वॉरंटी किती वर्षांची, स्टार किती, एवढंच लिहितात. गीझरच्या बुडाला जे दोन पाईप लागतात आणि थंड पाण्याच्या बाजूला जो छोटासा व्हॉल्व बसतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी हा रिव्ह्यू मुद्दाम त्याचाच लिहितेय, म्हणजे गीझरचा कमी आणि त्याचं कनेक्शन करून देणाऱ्या सर्व्हिसचा जास्त. गीझर २५ लिटरचा आहे, भिंतीवरचा उभा, २ किलोवॉटचा, आयएसआय मार्कवाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गीझरबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार आहे ती इन्स्टॉलेशनला पाठवलेल्या माणसाने केलेल्या कामाची, आणि नाव काढून कोणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये मला, लोकांनी आपापल्या बाथरूममध्ये वर मान करून बघावं एवढीच इच्छा आहे.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. पुण्यात वारज्याच्या बाजूला सोसायटी आहे, दहा मजली, आम्ही सातव्यावर. गच्चीवर टाकी आणि टाकीला प्रेशर पंप. उन्हाळ्यात टँकर येतात, म्हणजे पाणी जड, नळांवर पांढरा थर धरणारं. बाथरूमची आतली लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपची. आता प्रेशर पंप हा मुद्दा महत्त्वाचा का, तर टाकी नळाच्या १० मीटर वर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो, त्यामुळे जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अर्धा बारसुद्धा मिळत नाही आणि तिथे कसंही काहीही जोडलं तरी वर्षानुवर्षं चालून जातं. आमच्या पंपाच्या मीटरवर ३ बार दिसतो आणि आम्ही त्याच्या तीन मजले खाली, म्हणजे वरून आणखी साधारण १ बार धरा. गीझरच्या प्लेटवर ८ बार लिहिलंय, टाकीला काही अडचण नाही. पण मधल्या पाईपवर काहीच लिहिलेलं नसतं ना, खरी गोम तिथे आहे.

तर इन्स्टॉलेशन. बुक करताना "फ्री इन्स्टॉलेशन" असं मोठ्या अक्षरात होतं, आणि घरी आल्यावर कळलं की भोकं पाडणं आणि लटकवणं फ्री, पाईप, अँगल कॉक (भिंतीच्या पॉईंटवर पाणी बंद करायचा छोटा कॉक) वगैरे जे लागेल ते वेगळं. ते ठीक आहे, सामान काही फुकट येत नाही. आलेला मुलगा वेळेवर आला, बोलायला चांगला होता, आणि भिंतीचं काम त्याने खरंच छान केलं हे सांगायलाच हवं. भिंत ठोकून बघितली, टाईलला तडा जाऊ नये म्हणून आधी बारीक ड्रिल मारलं, अँकर फास्टनर लावले, लेव्हल बघितली. भरलेला गीझर म्हणजे नुसत्या पाण्याचंच २५ किलो वजन आणि वर टाकी, ते डोक्यावर लटकणार, तेव्हा या भागाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

मग त्याने पिशवीतून दोन पांढरे प्लास्टिकचे कनेक्शन पाईप काढले. तेच हो, वॉश बेसिनच्या खाली असतात ते, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे नट. थंडला एक, गरमला एक. मी म्हटलं दादा हे गरम पाण्याला चालतात का, तर म्हणाला "मॅडम सगळीकडे हेच लावतो, कंप्लेंट नाही येत." कंप्लेंट कशी येणार, पाईप सहा महिन्यांनी सुटतो तेव्हा माणूस कंपनीला फोन करत नाही, खालच्या प्लंबरला करतो! साधं पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि गीझरचा थर्मोस्टॅट फुल ठेवला तर पाणी ७० च्या पुढे जातं. मऊ पडलेला पाईप आणि मागून ४ बारचा दाब, तो आधी नटाच्या तोंडाशी फुगतो आणि मग एक दिवस निसटतो. आणि गीझर असतो कुठे, तर आपण अंघोळीला उभे राहतो त्याच्या वर. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा विषय "चालतंय की" म्हणून सोडायचा नाही.

मी म्हटलं हे पाईप नकोत, दुसरे लावा. त्याच्याकडे दुसरे नव्हते, म्हणाला आज हेच लावून बघू, चालू करून दाखवतो, नंतर बदला. ठीक आहे म्हटलं, निदान गीझर चालतोय का ते कळेल. पाणी भरलं, चालू केला, अर्ध्या तासाने थंड पाण्याच्या बाजूचा व्हॉल्व टपकायला लागला. थेंब थेंब, सावकाश. आणि इथे त्याने जे सांगितलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. म्हणाला, "मॅडम व्हॉल्व लूज निघालाय, बाथरूम ओलं राहील, मी त्याच्या तोंडाला डमी मारून देतो, बंद होईल." खिशातून डमी, म्हणजे तोंड बंद करायचं बूच, काढलीसुद्धा.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. सेफ्टी व्हॉल्वला हात लावायची तिथे कोणाची टाप नव्हती, चीफ इंजिनियरचीसुद्धा, आणि हे मी लहानपणापासून जेवताना ऐकलंय. त्यामुळे डमी बघितल्या बघितल्या मी स्विच बंद केला आणि त्याला म्हटलं दादा थांबा, त्या तोंडाला काहीही लावायचं नाही.

तो व्हॉल्व काय करतो ते जरा निवांत सांगते, कारण बॉक्समध्ये तो एका छोट्या पिशवीत येतो आणि बऱ्याच घरांत त्याच पिशवीत राहतो. त्याला मल्टी फंक्शन व्हॉल्व म्हणतात, दुकानात एमएफव्ही म्हटलं तरी कळतं. पहिलं काम, टाकीत गेलेलं पाणी थंड लाईनमध्ये परत जाऊ द्यायचं नाही. दुसरं काम, टाकीत दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर थोडं पाणी बाहेर सोडून तो उतरवायचा. शिवाय एक छोटी दांडी असते, ती उचलली की टाकी रिकामी करता येते. आता पाणी तापलं की फुगतं, हे शाळेत शिकलोय आपण. २० अंशांचं पाणी ७० पर्यंत नेलं तर साधारण २ टक्के फुगतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळपास अर्धा लिटर पाणी जास्तीचं होतं. नळ बंद, मागे जायची वाट त्याच व्हॉल्वने अडवलेली, मग ते अर्धा लिटर जाणार कुठे? तेच थेंब थेंब बाहेर येतं. म्हणजे गीझर तापत असताना टपकणारा व्हॉल्व बिघडलेला नसतो, तो त्याचं काम करत असतो.

आणि डमी मारली तर रोजचं काय होईल, टाकी रोज दोनदा फुगणार आणि आकसणार, कुठेतरी वेल्डिंग किंवा आतलं काचेसारखं ग्लासलाईन कोटिंग तडकणार, कधीतरी टाकी गळणार. हे झालं बरं चाललं असताना. वाईट दिवशी थर्मोस्टॅट चिकटला आणि जास्त तापलं की वीज तोडणारा थर्मल कटआऊटही उडाला नाही, तर पाणी १०० अंशांच्या पुढेही तापत राहतं, कारण दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, ८ बारला ते साधारण १७० अंशांच्या पुढे उकळतं. अशी टाकी फाटली की दाब एकदम जातो, त्या पाण्यातलं काही त्याच क्षणी वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या साधारण सोळाशे पट जागा लागते. गीझर फुटून भिंत पडल्याच्या बातम्या येतात त्यामागे हे असतं. थर्मोस्टॅट, कटआऊट आणि हा व्हॉल्व असे तीन पहारेकरी एकामागे एक उभे केलेले असतात, आणि शेवटच्याचं तोंड तीस रुपयांच्या डमीने बांधायला निघाला होता तो.

मी हे सगळं त्याला सांगितलं. भांडले नाही, त्याचाही दोष किती धरायचा, दिवसाला इतक्या घरांत पळवतात त्यांना. पण सर्व्हिसला मार्क देताना मला हे धरावंच लागेल. भिंतीला पाचपैकी पाच, पाण्याला शून्य. कंपनीच्या नंबरवर मी फोनही केला, तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या डमी लावायची नसतेच, बुकलेटमध्ये लिहिलंय. खरंच लिहिलंय, चित्रासकट. म्हणजे कंपनीला माहीत आहे, घरी येणाऱ्या माणसापर्यंत पोचलेलं नाही.

पुढचं काम आमच्या कॉलनीतल्या प्लंबर काकांनी केलं आणि या रिव्ह्यूतले सगळे चांगले स्टार त्यांचे. काका मूळचे बीडकडचे, पुण्यात आयुष्य गेलंय, जीआयच्या, म्हणजे लोखंडी पाईपच्या काळापासून काम करतायत. त्यांनी आल्यावर आधी बाहेरच्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे गीझरची लाईन तोडणारा खटका पाडला, गीझरचा नुसता स्विच बंद करून समाधान झालं नाही त्यांचं, मग टेस्टर लावून बघितलं आणि मगच शिडीवर चढले. मला म्हणाले, "ताई, पाण्याचं काम करताना लाईट पहिली मारायची, पाणी नंतर."

सामान त्यांनी मलाच आणायला पाठवलं, चिठ्ठी करून दिली. हार्डवेअरच्या दुकानात ब्रेडेड पाईप म्हणून मागितलं की दोन प्रकार पुढे येतात, दिसायला सारखेच. वरून स्टीलची जाळी दोन्हीला. एकाची आतली नळी साधी, नट हलके, हातात घेतलं तर वजनच लागत नाही, आणि दुसऱ्याची आत चांगल्या रबराची नळी, नट पितळी, वर गरम पाण्यासाठी म्हणून तापमान आणि दाब छापलेला. गीझरला दुसरा घ्यायचा, दोन्ही बाजूंना, थंड बाजूलासुद्धा, कारण व्हॉल्वजवळचा भाग गरम होतोच. काकांनी बजावून सांगितलं होतं की छापलेलं नसेल तर घेऊ नका, आणि लांबी मोजून घ्या. आम्हाला दीड फुटी लागले. पाईप तोकडा पडला की ताणून बसवतात, ताण नटावर येतो, फार लांब घेतला की गुंडाळी करून मुडपतात आणि तिथे आतली नळी चिमटते. अर्धा इंची आटे, अँगल कॉक एक, टेफ्लॉन टेप दोन, आणि एक पातळ पारदर्शक नळी, तिचं कारण पुढे सांगते. पाईपची जोडी, कॉक आणि किरकोळ सगळं धरून हजार रुपयांच्या आत बसलं. गीझरच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

आता काकांचं काम जवळून बघितलं ते लिहिते. गीझरच्या खाली दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, निळी रिंग थंड, लाल रिंग गरम. त्यांनी थंड नळीच्या आट्यांवर आधीच्या माणसाचा टेपचा बोळा होता तो दाभणाने ओढून काढला, आटे जुन्या टूथब्रशने घासले. मग टेफ्लॉन घड्याळाच्या दिशेने, म्हणजे व्हॉल्व ज्या दिशेने फिरून चढणार त्याच दिशेने, ताणून गुंडाळली. तोंडाशी पहिला आटा मोकळा सोडला, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्वच्या तोंडात अडकतो आणि मग व्हॉल्व कायमचा टपकत राहतो. दर दोन वेढ्यांनी अंगठ्याने टेप आट्यात बसवत होते, आटे टेपमधून दिसले पाहिजेत म्हणाले. मग एमएफव्ही हाताने चढवला, त्यावरचा बाण टाकीकडे आहे ना ते मला शिडीजवळ बोलावून दाखवलं, आणि शेवटचा वेढा पान्ह्याने. इथे त्यांनी दोन पान्हे वापरले. एकाने टाकीची नळी जागेवर धरून ठेवली आणि दुसऱ्याने व्हॉल्व फिरवला. आधीच्या मुलाने एकाच पान्ह्याने जोर लावला होता तेव्हा टाकीची नळी थोडी हलताना मी बघितली होती. ती नळी पत्र्याला वेल्ड केलेली असते, तिला पीळ बसला की गळती टाकीतूनच सुरू होते आणि मग वॉरंटीवाले म्हणतात इन्स्टॉलेशन चुकलं.

ब्रेडेड पाईपच्या नटाला मात्र त्यांनी टेप अजिबात लावली नाही. तिथे आत रबरी वॉशर असतो, पाणी वॉशर अडवतो, आट्यांचं ते काम नाही. टेप लावली तर नट पूर्ण बसल्यासारखा वाटतो आणि वॉशर दाबला गेलेला नसतो. हाताने घट्ट, त्यावर पान्ह्याने थोडंसं, बास. जास्त जोर केला की वॉशर चिरतो. हे इतक्या घरांत चुकीचं बघितलंय की आता पाहुणी म्हणून गेले तरी नजर तिकडे जाते.

क्रम कसा झाला तर भिंतीतला थंड पॉईंट, त्याला अँगल कॉक, मग ब्रेडेड पाईप, मग एमएफव्ही, मग टाकी. कॉक व्हॉल्वच्या अलीकडे, टाकी आणि व्हॉल्वच्या मध्ये काहीही नाही. मध्ये कॉक टाकला आणि कोणी तो चुकून बंद केला तर व्हॉल्व असून नसल्यासारखा. गरम बाजूला टाकीच्या नळीपासून ब्रेडेड पाईप आणि तो भिंतीतल्या सीपीव्हीसीच्या पितळी आट्यांच्या पॉईंटला. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतं, पण गरम पाण्याला त्याची दाब सोसायची ताकद बरीच उतरते, म्हणून काका ते टाकीला थेट जोडत नाहीत, मध्ये लवचीक पाईप ठेवतात. सर्व्हिसिंगला गीझर काढायचा झाला तरी नुसते नट सोडून निघतो.

आणि ती पारदर्शक नळी. व्हॉल्वच्या टपकणाऱ्या तोंडाला ती सैलसर चढवून खाली उतरत उतरत नहाणीच्या जाळीपर्यंत आणली, खालचं टोक उघडं, मध्ये कुठेही वर चढाव नाही, कुठेही कॉक नाही. बाथरूम ओलं राहतं ही त्या मुलाची अडचण खोटी नव्हती, तिचं उत्तर ही साधी नळी होतं. आता थेंब तिथून जातात, मला दिसतात, आणि दिसलेले बरेच, कारण व्हॉल्व जिवंत आहे हे रोज कळतं.

पाणी भरताना आधी गरम नळ उघडा ठेवला, मग अँगल कॉक सावकाश फिरवला. नळातून आधी नुसती हवा, मग फस फस करत तुटक पाणी, मग सलग धार. सलग धार आल्याशिवाय एमसीबी चढवायचा नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत हीटर कोरडा तापतो आणि जळतो, तो वॉरंटीत बसत नाही. मग प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळला आणि गीझर चालू केला. २० अंशांवरून ६० पर्यंत जायला २ किलोवॉटला साधारण ३५ मिनिटं लागतात, तेवढा वेळ काका चहा घेत बसले, उठून गेले नाहीत. थंड असताना न गळणारा सांधा गरम झाल्यावर गळू शकतो म्हणून थांबायचं. कागद कोरडे निघाले. रात्रभर परत लावून ठेवायला सांगितले, सकाळीही कोरडे.

लाईटचंही थोडं, कारण पाणी आणि लाईट इथे वेगळे करता येत नाहीत. २ किलोवॉट म्हणजे ९ अँपियरच्या आसपास, तेव्हा १६ अँपियरचा सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, आणि सॉकेट गीझरच्या सांध्यांच्या बरोबर खाली नको. आमचा बाजूला आहे. मुख्य म्हणजे अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा खटका. पाईपची जाळी स्टीलची, नट पितळी, नळ पितळी, हीटरचं आवरण फुटून करंट पाण्यात आला तर आपण हात लावतो त्या नळापर्यंत तो येऊ शकतो. आमच्या बोर्डात आरसीसीबी होता पण टेस्टचं बटण कोणी कधी दाबलंच नव्हतं. दाबून बघा, पडला पाहिजे, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोपर्यंत गीझर बंद.

ननंदेकडे साताऱ्याला वेगळाच प्रकार निघाला. तिची तक्रार होती की नवीन गीझर एक बादली पण धड गरम देत नाही. मी फोनवर फोटो मागवला तर थंड लाईन लाल रिंगला आणि गरम लाईन निळ्याला! टाकीच्या आत गरमची नळी वरपर्यंत गेलेली असते कारण गरम पाणी वर साठतं, आणि थंड खालून येतं. उलट जोडलं की थंड पाणी वर जाऊन गरमात मिसळतं आणि आपण तळाचं पाणी ओढत बसतो. तिकडच्या प्लंबरने बदलून दिलं, आता ननंद आणि मुलं सगळ्यांच्या अंघोळी होतात.

वापरून काय वाटलं ते पण सांगते, सगळंच गोड नाही. व्हॉल्व लावल्यावर गरम पाण्याची धार थोडी कमी झाली. आमच्याकडे पंप आहे म्हणून चालून जातं, पण टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असेल अशा घरात शॉवर मंद वाटेल. तिथे लोक व्हॉल्व काढून फेकतात. कृपा करून तसं करू नका, तुमच्या गीझरच्या बुकलेटमध्ये कमी दाबासाठी काय दाखवलंय ते बघा किंवा कंपनीला विचारा, गीझर बदलावा लागला तरी परवडला.

दुसरी गोष्ट गुरुवारची. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असण्याची सवय सगळ्यांना आहे. पूर्वी जुन्या गीझरला व्हॉल्व नव्हता तेव्हा लाईन रिकामी झाली की टाकीतलं पाणी मागे ओढलं जायचं आणि कोणी न बघता स्विच टाकला की संपलं. आता टाकी भरलेली राहते. पण शुक्रवारी पाणी परत येतं ते गढूळ, बारीक वाळू घेऊन, आणि एखादा कण व्हॉल्वच्या तोंडात बसला की गीझर बंद असताना, गारेगार असतानाही थेंब चालूच राहतात. तापताना टपकणं वेगळं आणि हे वेगळं. यावर उपाय म्हणजे लाईट बंद करून, पाणी थंड झाल्यावर, ती छोटी दांडी चार-पाच वेळा उचलून सोडायची, जोरात पाणी येऊन कण धुतला जातो. मी महिन्यातून एकदा तशीच उचलते, क्षाराने अडकून बसू नये म्हणून, आमचं टँकरचं पाणी बघता ते गरजेचंच आहे. तरीही नाही थांबलं तर व्हॉल्व बदलायचा, तीन-चारशेचं काम, तेवढ्याच दाबाचा मागायचा. आणि नवीनही थंड असताना टपकत असेल तर सोसायटीत दाब जास्त आहे, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व लाईनवर लावावा लागतो. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर हे होतं, तिथे कमिटीशी बोला.

काकांची मजुरी पाचशे झाली. फ्री इन्स्टॉलेशनपेक्षा पाचशे रुपये जास्त, आणि त्यांची बायको गावी आहे म्हणून जेवून जा म्हटलं तर आढेवेढे घेत जेवले. जाताना चिठ्ठीवर तारीख टाकून पाईप कधी लावले ते लिहून गीझरच्या बाजूला चिकटवून गेले, कारण ब्रेडेड पाईपचं रबरही म्हातारं होतं, जाळीवर गंजाचे ठिपके किंवा नटाजवळ फुगवटा दिसला की गळायची वाट न बघता जोडी बदलायची म्हणाले.

तुमच्याकडे कोणी इन्स्टॉलेशनला येणार असेल तर पाईप आधीच आणून ठेवा आणि व्हॉल्वची पिशवी त्याच्या हातात द्या, बॉक्सच्या तळाला असते. डमी काढली तर नाही म्हणा, राग आला तर येऊ दे. आमच्या टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) पुढच्या दिवाळीआधी काढून बघायचाय, जड पाण्यात तो लवकर झिजतो. काका येणार आहेत, तेव्हा रॉड किती उरला आणि तळाशी क्षार किती निघाला ते याच रिव्ह्यूत खाली लिहीन.